साठीनंतर वाचन बंद करा म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

'साठीनंतरचं वाचन : मेंदूचा छुपा शत्रू' या नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी सोडून दिला, कुठे कुठे भांडत बसणार. पण तोच मेसेज धाकट्या मामानी घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर आईला फोन करून सांगितलं, "ताई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना, आता पुस्तकं बंद कर, डोळा जाईल आणि डोकंही जाईल." आणि आईनी खरंच बंद केलं. शहात्तर वर्षांची बाई, दुपारी जेवणं झाली की बडोद्यात दांडिया बझारच्या घरात खिडकीशी पुस्तक घेऊन बसणारी, ती आता रात्री दहापर्यंत टीव्हीवर सीरियल बघते कारण मेसेजमध्ये टीव्हीबद्दल काही लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "उगाच कशाला रिस्क घ्यायची." मामा, तुमची काळजी खरी आहे हे मला माहितीये. पण मेसेज खोटा आहे, आणि त्यानी आईचं नुकसान होतंय.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोळ्याला जन्मभरासाठी ठराविक तास मिळालेले असतात, वाचलं की ते लवकर संपतात. साठीनंतर रोज तासाभरापेक्षा जास्त वाचलं की मेंदूच्या पेशी थकतात आणि विस्मरण सुरू होतं. बायकांनी फार वाचलं की घराकडे दुर्लक्ष होतं. आइन्स्टाइननी सांगितलंय जास्त वाचू नका. अकबराला वाचता येत नव्हतं तरी बादशहा झाला. बसून वाचल्यानं शुगर वाढते. शेवटी अकरा जणांना पाठवा. खाली सही काय, तर 'एक प्रसिद्ध न्यूरोलॉजिस्ट'. एवढे प्रसिद्ध आहेत तर नाव का नाही?

आधी डोळ्यांचं घेऊ, कारण आई त्यालाच घाबरलीये.

डोळ्याला ठराविक तास वगैरे काही नसतं. आपण जागे असतो तोवर डोळे चालूच असतात, पुस्तकाकडे बघा नाहीतर भिंतीकडे बघा, डोळ्यातला पडदा काही वाचतोय म्हणून जास्त झिजत नाही. जवळचं बघताना डोळ्याच्या आतला एक छोटा स्नायू आवळला जातो, आणि वाचताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, कधी डोकं दुखतं. हा थकवा आहे. पुस्तक मिटून थोडा वेळ लांब बघितलं की जातो. कमी उजेडात वाचल्यानं डोळे जातात हेही आपण लहानपणापासून ऐकतो, तेही तेवढंच, ताण येतो, कायमची इजा होत नाही.

आता ऑपरेशन झालेला डोळा. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं, आणि ते होतं वयानं, डायबिटीसनं, बरीच वर्षं स्टेरॉइड घेतल्यानं, सिगरेटनं, उन्हातल्या अतिनील किरणांनी. वाचनानं नाही. ऑपरेशनमध्ये ते गढूळ भिंग काढून कृत्रिम लेन्स बसवतात. आईला बसवलीये ती साधी, एका अंतरावर फोकस असणारी, आणि ही लेन्स जवळचं बघताना आकार बदलतच नाही, जवळच्या अक्षरांचं काम वाचायचा चष्मा करतो. म्हणजे मेसेज ज्या लेन्सची काळजी करतोय तिला वाचताना काही करावंच लागत नाही! काही जणांना पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर दिसायला लागतं, ते लेन्सच्या मागच्या पातळ पडद्यावर उरलेल्या पेशी वाढल्यामुळे, त्याला लेझर असतो, काही मिनिटांचं काम. त्याचाही वाचनाशी संबंध नाही.

आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी माझ्यासमोर सांगितलेलं की डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, जड उचलायचं नाही, थेंब वेळेवर. थेंबांचा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता, पहिल्या आठवड्यात सहा वेळा, मग पाच, मग चार असं उतरत जाणारा, आई एकेका खान्यावर पेन्सिलीनी टिकमार्क करायची. त्या कागदावर कुठेही 'वाचू नये' लिहिलेलं नव्हतं. वाचायच्या चष्म्याचा नंबर महिन्याभरानी काढू असं ते म्हणाले, आणि नंबर काढायचा तो वाचण्यासाठीच ना! चष्मा आलाय. केसमध्ये पडलाय.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजानं. लहान मुलांच्या बाबतीत सतत जवळचं बघण्याचा आणि मायनस नंबरचा संबंध आहे. हे मुद्दाम लिहितेय कारण हा मेसेज वाचून ओळखीतल्या एका घरात चौथीतल्या पोराची गोष्टीची पुस्तकं कपाटात बंद झालीयेत. पण त्यावर इलाज पुस्तक काढून घेणं हा नाही. चीनमध्ये ग्वांगझूच्या बारा शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला, निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर उजेडात न्यायचं, बाकी काही बदलायचं नाही. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाहेर जाणाऱ्यांमध्ये ३०.४ टक्के. २०१५ साली छापून आलंय हे. तेव्हा पोराला संध्याकाळी कमाटीबागेत सोडा, आणि घरी आल्यावर पुस्तक द्या.

आता तो मेंदूच्या पेशी थकण्याचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात घातक हाच, कारण तो नेमका उलटा आहे.

न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागातल्या ४६९ म्हाताऱ्या माणसांचा एक अभ्यास आहे, सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे, म्हणजे आईच्याच वयाचे, आणि सुरुवातीला कुणालाच डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार, नव्हता. तुम्ही फावल्या वेळात काय करता आणि आठवड्यातून किती दिवस करता हे त्यांना विचारलं, वाचन, लिहिणं, शब्दकोडी, पत्ते, वाद्य वाजवणं, चालणं, पोहणं, नाचणं, घरकाम, सगळं. मग साधारण पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातल्या १२४ जणांना डिमेन्शिया झाला. आणि ज्यांना तो कमी प्रमाणात झाला ते कोण होते, तर वाचणारे, पट मांडून खेळणारे, वाद्य वाजवणारे आणि नाचणारे. शरीराच्या कामांमध्ये एकट्या नाचण्याचाच तसा संबंध दिसला, हे आपल्या गरब्याच्या गावात सांगायलाच हवं. हा अभ्यास २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलाय, डॉक्टर लोक ज्याचं नाव घेताना जरा आवाज खाली करतात असं ते जर्नल आहे.

त्यात आणखी एक आहे. डोक्याच्या अशा कामांचे आठवड्यातले दिवस जितके जास्त तितका धोका कमी होत गेलेला दिसला. मेसेज म्हणतो तासाभरानंतर पेशी थकतात, पण असा थकवा असता तर रोज वाचणारे आधी आजारी पडायला हवे होते. उलट त्यांच्यातच आजार कमी दिसला.

यावर कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की ज्याचं डोकं आधीच बिघडायला लागलंय तो आपोआप वाचणं सोडतो, मग वाचल्यामुळे फायदा झाला कशावरून? प्रश्न बरोबर आहे. त्या संशोधकांनाही तो सुचला होता, म्हणून ज्यांच्यात आजार आतून सुरू झाला असण्याची शक्यता होती त्यांना बाजूला काढून त्यांनी हिशोब परत केला, तरी निकाल तोच आला. वाचलं म्हणजे डिमेन्शिया होणारच नाही असं कुणीच म्हणत नाहीये, मीही नाही, आयुष्यभर वाचणाऱ्यांनाही तो होतो. पण वाचनानं विस्मरण होतं हे म्हणायला कणभरही आधार नाही. आणि शहात्तरीच्या माणसाचं रोजचं डोक्याचं काम अशा एका मेसेजच्या जिवावर बंद करणं याला काळजी म्हणत नाहीत. मोतीबिंदू असताना आईला नीट दिसत नव्हतं तेव्हा भिंग घेऊन ती एकेक ओळ वाचायची, पण वाचायची. आता स्वच्छ दिसतंय आणि पुस्तक बंद! मला याचा संताप येतो.

बायकांच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही कारण लिहिलं तर भाषा बिघडेल. बाई शिकली की नवरा मरतो, तिनी लिहिलेल्या अक्षरांच्या अळ्या होऊन त्याच्या ताटात पडतात, असं आपल्याच समाजात एकोणिसाव्या शतकात सांगायचे. त्याच जातीचं वाक्य आहे हे, फक्त आता न्यूरोलॉजिस्टच्या नावानं येतं. आणि बडोद्याच्या मराठी घरांत हे फिरावं? सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते मुलींनाही धरून. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून सेंट्रल लायब्ररी उभी केली, मांडवीला आजही आहे, काचेच्या फरशांची, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत यावा म्हणून. आणि जे लायब्ररीपर्यंत येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं गावोगाव पाठवली, फुकट. माझ्या आजीचं वाचन याच गावात सुरू झालं आणि चार मुलं वाढवून झालं. मामा, त्या चारातले एक तुम्ही आहात, तुमच्याकडे दुर्लक्ष झालं होतं का?

आइन्स्टाइनचं वाक्य. असल्या मेसेजमधली वाक्यं बहुतेक वेळा बनावट असतात, पण हे मात्र खरं निघालं. १९२९ साली अमेरिकेतल्या सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमध्ये त्यांची मुलाखत आली होती, त्यात ते म्हणाले होते की एका वयानंतर वाचनामुळे मन नव्या निर्मितीपासून फार भरकटतं, आणि जो माणूस फार वाचतो आणि स्वतःचं डोकं फार कमी वापरतो त्याला आळशीपणे विचार करायची सवय लागते. मेसेजवाल्यांनी 'स्वतःचं डोकं कमी वापरतो' हा तुकडा कापून टाकला आणि 'फार वाचू नका' एवढंच ठेवलं, अख्खा अर्थच त्या तुकड्यात होता. शिवाय हे कोण बोलतंय बघा. बर्नमध्ये असताना, १९०२ च्या सुमाराला, हा माणूस दोन मित्रांना घेऊन संध्याकाळी ह्यूम, माख, पॉइन्कारे, स्पिनोझा असल्या तत्त्वज्ञांची-शास्त्रज्ञांची पुस्तकं वाचत बसायचा आणि रात्री उशिरापर्यंत त्यावर भांडायचा, आणि सापेक्षतेचा विचार करताना ह्यूम आणि माख यांच्या वाचनाचा उपयोग झाला हे त्यानी स्वतःच सांगितलंय. तर हो, वाचलेलं नुसतं गिळत जाणं आणि त्यावर स्वतःचा काहीच विचार न करणं वाईट, त्यांचं पटतंय मला. पण त्यावर उपाय म्हणून टीव्ही लावायचा? त्याच वाक्यात पुढे ते नाटक-थिएटरमध्ये फार वेळ घालवणाऱ्यांबद्दलही तसंच बोललेत, तेही कापलंय.

शुगरचं अर्धं खरं आहे. तीन-तीन तास न उठता बसणं वाईटच, कंबरेला वाईट, शुगरला वाईट, आणि आई बसायची तशी, मीच तिला ओरडायचे. पण त्यात दोष बसण्याचा आहे, सीरियल बघतानाही ती सोफ्यावरच असते. अर्ध्या-पाऊण तासानी उठून घराबाहेरच्या ओट्यावर चार फेऱ्या मारल्या की झालं. फार वाचन कशाला म्हणायचं असं कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन, झोप मोडून वाचलं, औषधं विसरून वाचलं, बारावीतल्या पोरानी फिजिक्स टाळायला कादंबरी धरली, तर ते फार झालं. तासांचा आकडा सगळ्यांना एकच नसतो.

राहिला अकबर. त्याला वाचता येत नव्हतं असं मानतात, बरोबर. पण तो रोज दुसऱ्यांकडून पुस्तकं वाचून घ्यायचा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. वाचणारा जिथे थांबायचा तिथे स्वतःच्या हातानं खूण करायचा आणि जितकी पानं झाली तितके पैसे वाचणाऱ्याला द्यायचा, हे त्याच्याच दरबारातल्या अबुल फजलनी लिहून ठेवलंय. पुस्तकांशिवाय राज्य केल्याचं उदाहरण म्हणून याला पुढे करणाऱ्यानी निदान तेवढं तरी बघायचं होतं. आणि आपले सयाजीराव? बारा वर्षांचे असताना १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी ते शिकून घेतलं आणि मग उभ्या राज्याला शिकवलं, त्यांच्याच स्कॉलरशिपवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले, ज्यांनी पुढे दादरला घर बांधलं तेसुद्धा पुस्तकांची सोय बघून. वाचणाऱ्यांच्या हातून काही होत नाही म्हणे!

तर मामा, तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथून काढून टाका. दोन-अडीच दिवस उलटून गेले असतील तर सगळ्यांसाठी डिलीट करता येणार नाही, मग त्याच्याच खाली लिहा की हे चुकीचं आहे. आणि आईला फोन तुम्हीच करा. माझं ती ऐकत नाहीये, तुमचं ऐकून बंद केलंय, तुमचं ऐकूनच सुरू करेल.