सहीला बोलावता, मग ऐकायला का नाही?

रात्री पावणेदहाला मेसेज. 'उद्या सकाळी ११ वा. पालकसभा. सर्व मातांनी न चुकता उपस्थित राहावे.' अहो, पावणेदहाला सुट्टी मागायची कुणाकडे? आमच्या शाळेतल्या निम्म्या आया धुणीभांडी करतात, बाकीच्या कंपनीत लायनीवर उभ्या असतात. खाडा झाला की पगार कापला जातो. वेळ बदला म्हणावं, तर ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतात. आणि 'मातांनी'च का? बापाचं पोर नाही का ते?

तरी गेले. सुपरवायझरची बोलणी खाऊन गेले. अकराची सभा, पाहुणे आले बाराला. तोवर आम्ही सतरंजीवर बसून. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परत दुसऱ्या पाहुण्यांना शाल. माझ्या शेजारची मांडीवर तान्हं घेऊन बसली होती, त्याला तिथेच झोप लागली. त्यानंतर भाषण. पालक मुलांकडे लक्ष देत नाहीत, हातात मोबाइल देतात, शाळेच्या कामात सहभाग घेत नाहीत. हे कुणाला सांगताय? रोज बुडवून आलेल्या बायांना?

मी उठून एकच विचारलं. मुलींच्या संडासात दिवाळीपासून पाणी नाही, ते कधी येणार? उत्तर काय मिळालं? 'ताई, वैयक्तिक तक्रारी नंतर ऑफिसात येऊन सांगा. वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत.' वैयक्तिक! सगळ्या शाळेतल्या पोरींचा संडास माझा वैयक्तिक कसा झाला? माझी मुलगी पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी आणते. पाणी प्यायलं की जावं लागतं म्हणून पीतच नाही. दुसरीतली पोर दिवसभर तहानलेली राहते आणि यांना वेळ नाही. शाली पांघरायला बरा तासभर होता.

खरा संताप पुढेच आहे. चहा आला आणि त्यामागून सहीसाठी रजिस्टर फिरलं. मी वाचल्याशिवाय सही करत नाही, कुठेच नाही. इतिवृत्त आधीच लिहून तयार होतं. 'पालकांनी शाळेतील भौतिक सुविधांबाबत समाधान व्यक्त केले. सर्व विषय सर्वानुमते मंजूर. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' कुणी व्यक्त केलं समाधान? कधी? आमच्या तोंडातले शब्द आम्ही यायच्या आधीच लिहून ठेवलेत! मी सही केली नाही, तर एक सर म्हणाले, 'तुम्हीच एकट्या अडून बसताय.' हो, बसले.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. त्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा, अनुदान कुठे खर्च झालं ते तिनेच बघायचं. ही महापालिकेची शाळा आहे, म्हणजे हे सगळं इथे लागू आहे. आमच्या समितीत कोण आहे ते फळ्यावरसुद्धा लिहिलेलं नाही. एका बाईला तर आपण सदस्य आहोत हे काल सभेत कळलं. सह्या मात्र तिच्या नावापुढे झालेल्या आहेत.

सहभाग हवा असतो तो कशात? आषाढीला रात्री निरोप, उद्या वारकरी वेष. दुकानं बंद, धोतर कुठून आणू? प्रोजेक्टला थर्माकोल आणा म्हणे. सजावटीच्या थर्माकोलवर २०२२ पासून देशभर बंदी आहे, शाळेला माहीत नाही? जंतनाशक गोळी दिली ते मला मुलीकडून कळलं, तापातून उठलेली होती ती. आधी एक ओळ टाकायला काय जात होतं? त्या ग्रुपवर पाहुण्यांच्या सत्काराचे मात्र ढिगाने फोटो. पोरं वाचायला लागली का, कुठे अडतात, यातलं एक अक्षर नाही.

वर्गाच्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या गळ्यात मतदारयाद्या, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सगळं आहे. तरी त्या थांबून बोलतात, पोरीची वही उघडून दाखवतात. राग आहे तो या सभा भरवणाऱ्यांवर.

सभा शनिवारी दुपारनंतर घ्या, आठ दिवस आधी विषय कळवा, पालकांचे प्रश्न सुरुवातीला घ्या, इतिवृत्त सभा झाल्यावर लिहा आणि सर्वांसमोर वाचून दाखवा. यात एक रुपया खर्च नाही. आज परत मेसेज आलाय, आनंद मेळाव्याला प्रत्येक मातेने एक पदार्थ करून आणावा. मी काही करणार नाही. पाण्याचा अर्ज लिहून झालाय, शेजारणींच्या सह्याही झाल्यात. उद्या शिक्षण विभागात देते आणि पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलत नाही.