सुलिव्हनचा ‘ओ’ आणि बीडच्या पाट्या

सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात जातीवरून वातावरण तापलं होतं. तेव्हा, २०२५ मध्ये, तिथल्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली. नुसतं पहिलं नाव लावायचं. त्यावरून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर जे भांडण लागलं, ते अजून धुमसतंय. एक गट म्हणतो, आडनाव गेलं की जात गेली. दुसरा म्हणतो, आडनाव म्हणजे पूर्वजांची माती, ती का पुसायची? परवा या दुसऱ्या गटातल्या एकाने लिहिलं: ‘ज्याला काही लपवायचं असतं, तोच आडनाव बदलतो.’

हे वाक्य मला झोंबलं.

मी आयर्लंडमधल्या कॉर्कला राहतो. इथे ओसुलिव्हनांना तोटा नाही. क्रेडिट युनियनच्या काउंटरवर, डॉक्टरच्या दारावर, मुलीच्या कमोगीच्या (हा इथला काठी-चेंडूचा खेळ) संघात, जिकडे बघाल तिकडे ते आहेत. पूर्वजांच्या मातीची भाषा करणाऱ्यांनी या आडनावाचा प्रवास एकदा बघावा. कॉर्क-केरीचं म्हणून जगभर ओळखलं जाणारं हे घराणं मुळात इथलं नाहीच. त्यांचं ठाणं होतं टिपररीत, शुअर नदीकाठी, नॉकग्राफनला. ११६९ मध्ये नॉर्मन उतरले आणि शतक संपता संपता त्यांनी ओसुलिव्हनांना त्या सुपीक पट्ट्यातून हुसकावलं. ते दक्षिण-पश्चिमेच्या खडकाळ टोकांना आले. तिथे आधीपासून माणसं राहत होतीच. म्हणजे ज्यांना आज ‘मूळचे’ म्हणतात, ते आले तेव्हा उपरे होते.

तिथेही ते टिकले नाहीत. १६०१ मध्ये आयरिश सरदार इंग्रजांविरुद्धची किन्सेलची लढाई हरल्यावर पुढच्या जूनमध्ये इंग्रजांनी ओसुलिव्हनांचा डनबॉयचा किल्ला पाडला. त्यांचा प्रमुख डोनल कॅम ओसुलिव्हन बेअर त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ग्लेनगॅरिफहून हजारएक माणसं घेऊन उत्तरेकडे निघाला. त्यांत चारएकशे लढणारे होते, बाकी बायका, मुलं, नोकरचाकर. कडाक्याची थंडी, वाटेत जागोजागी हल्ले, पोटाला काही नाही. दोन आठवड्यांनी लीट्रिमला पोहोचले ते पस्तीस. वाटेत त्यांना लुटणारे आणि मारणारे सगळे इंग्रज नव्हते. ‘ओ’ आणि ‘मॅक’ लावणारे, म्हणजे आयरिशच, लोकही त्यांत होते. डोनल पुढे स्पेनला गेला आणि १६१८ मध्ये माद्रिदमध्ये मारला गेला. या वाटेवर आता पाट्या लावल्यात. आम्ही तिचा थोडा भाग चाललोय, चांगल्या बुटांनी आणि रेनकोट घालून, तरी मुलगी रडकुंडीला आली होती.

आता लपवण्याबद्दल. १४६५ मध्येच कायदा झाला होता की डब्लिनच्या आसपास, इंग्रजांच्या ताब्यातल्या मुलखात राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यावं: एखाद्या गावाचं, रंगाचं नाहीतर धंद्याचं. ओसुलिव्हन त्या मुलखाबाहेर होते. पण सतराव्या-अठराव्या शतकात जुनी राज्यं बुडाली तशी ‘ओ’ लावणं हळूहळू सुटत गेलं. ओसुलिव्हनचे सुलिव्हन झाले. १८९० च्या जन्मनोंदीवरून रॉबर्ट मॅथेसनने आडनावांचा अंदाज बांधला, त्यात मर्फी आणि केलीनंतर तिसरे होते हेच, त्रेचाळीस हजारांच्या वर.

‘ओ’ सोडून काय मिळालं? १७०४ च्या कायद्याने कॅथलिक माणसाला जमीन विकत घेता येत नव्हती, आणि खंडाने घेतली तर एकतीस वर्षांपलीकडे नाही. कायद्याला अक्षराशी काही देणंघेणं नव्हतं. सुलिव्हन कुठल्या चर्चला जातो, एवढंच तो बघत होता. मग १८९३ मध्ये आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संघटना निघाली, भाषेचा अभिमान परतला आणि ‘ओ’सुद्धा परतला. तोवर जे अमेरिकेला गेले होते ते सुलिव्हनच राहिले. बॉस्टनचा बॉक्सर जॉन एल. सुलिव्हन त्यातलाच. एकाच घराण्याची दोन आडनावं झाली, आणि यात कोणी काही लपवलं असं इथे कोणी म्हणत नाही.

कॉर्कच्या पश्चिमेकडच्या बेअरा द्वीपकल्पावर अॅलिहीजमध्ये तांब्याच्या खाणी होत्या. त्या बंद पडत गेल्या तेव्हा खाणकामगार थेट अमेरिकेत, मॉन्टानातल्या ब्यूटला गेले, पुन्हा तांबंच खणायला. तिथे सुलिव्हन हे गावातलं सगळ्यात मोठं आडनाव झालं. आणि त्याच ब्यूटमध्ये, १८९० च्या दशकात, कामगार संघटनांनी चिनी दुकानांवर बहिष्कार टाकला. दोन-तीन पिढ्या हाकलले गेलेले लोक हे करू शकतात. लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले तेव्हा ‘आपल्या मालवणचा पोरगा’ म्हणून माझा ग्रुप दोन दिवस नाचत होता. त्यातलेच काही जण डोंबिवलीतल्या भाडेकरूंना परप्रांतीय म्हणतात.

माझं आडनावही गावावरून आहे, शेवटी ‘कर’ असलेलं. आजोबा गिरणीत होते. १९५६ नंतर त्यांनी जुनं आडनाव टाकलं आणि सातारा जिल्ह्यातल्या त्या गावाचं नाव घेतलं, ज्या गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. मला ही त्यांची सगळ्यात मोठी हिंमत वाटते. पुण्यात खोली शोधताना घरमालक विचारायचे, ‘हे गावाचं झालं, पण मूळ आडनाव काय?’ कॉर्कच्या मंडळात दिवाळीला नव्याने आलेल्या एका जोडप्याने फराळाची बशी हातात असतानाच तेच विचारलं. हजारो किलोमीटर ओलांडून तो प्रश्न जसाच्या तसा आला होता.

इथे माझ्या आडनावातून कोणालाच काही कळत नाही. हे मला आवडतं, आणि मी परत का गेलो नाही त्याचं एक खरं कारण हेच आहे. आईला मी पगाराचं कारण सांगतो. पण २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, दूतावासाने सावध राहायला सांगितलं, तेव्हा मी मुलीला म्हणालो, बसमध्ये मराठी जरा हळू बोल. ती म्हणाली, ‘बाबा, मी गप्प बसले तरी त्यांना दिसतेच ना.’ तिला मी काय उत्तर देणार होतो?

म्हणून बीडच्या पाट्यांचं मला फार कौतुक नाही आणि रागही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये पाटीची गरजच नसते. नाव आणि शाळा कळली की धर्म कळतो. तिथे १९८९ च्या कायद्याने नावं झाकली नाहीत. कामावर कॅथलिक किती आणि प्रोटेस्टंट किती, हे मोजून दरवर्षी कळवायला मालकांना, खाजगी कंपन्यांनासुद्धा, भाग पाडलं. माणूस सांगत नसेल तर त्याच्या शाळेवरूनही ठरवतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण ओझं मालकावर पडतं, नाव असलेल्यावर नाही. आपल्याकडे सरकारी नोकरीत जात मोजतात. खाजगीत मोजा म्हटलं की आडनावाच्या अभिमानाचे आणि आडनाव पुसण्याचे असे दोन्ही गट एकदम एक होतात.

ग्रुपवर मी आमचं मूळ आडनाव लिहून टाकलं. खाली त्या मित्राला विचारलं: तू वीस वर्षं ज्या कंपनीत माणसं घेतोस, तिथे या आडनावाचे किती जण आहेत? तो आकडा सांग, मग मातीवर बोलू.