जन्माचा दाखला काढायचाय? एवढी घाई कसली

बघा मंडळी, जन्माचा दाखला फुकट मिळतो म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा म्हणतो की बाळ झाल्यापासून 21 दिवसांत नोंद झाली तर फी नाही, वर पहिली प्रत पण मोफत. आता मला सांगा, असं सरळ काम करून काय मिळणार, चार पै-पाहुण्यांत सांगायला काही उरतं का? म्हणून माझं ऐकाल तर त्या 21 दिवसांत तिकडं अजिबात फिरकू नका. शेक-शेगडी आहे, बारसं आहे, साताऱ्याचे असाल तर कंदी पेढे वाटायचेत, ग्रुपवर फोटो टाकायचेत, त्यात तीन आठवडे कसे जातात कळत पण नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर नोंद कळवायची जबाबदारी दवाखान्याची असते, म्हणजे तुम्ही निर्धास्त. फक्त माहितीचा फॉर्म येईल तेव्हा तो स्वतः भरू नका, बाहेर बाकड्यावर जो कोणी चुलता-मामा रिकामा बसलाय त्याच्या हातात द्या. तो मनापासून भरतो. बापाचं नाव घरात हाक मारतात तसं, म्हणजे बाळासो. आधारवर बाळासाहेब, शाळेच्या दाखल्यावर बाळू आणि सातबाऱ्यावर बाळकृष्ण. सातारा-सांगलीत निम्मी जनता अशी एका देहात चार नावं घेऊन हिंडतीय आणि कुणाचं काही अडलं नव्हतं, हे कॉम्प्युटर यायच्या आधीचं सांगतोय. आईचं तर अजून सोपं, लग्नात नाव बदललेलं, दवाखान्याचा पहिला केसपेपर माहेरच्या नावानं, डिस्चार्ज कार्ड सासरच्या, त्यामुळं कागदावर बाळाला दोन आया होतात. आणि बाळाचं स्वतःचं नाव? ती जागा मोकळीच सोडा. आत्याचं अजून ठरलं नाही, पत्रिकेतलं अक्षर एक निघालंय, मोबाईलवर बघितलेलं नाव दुसऱ्याच अक्षराचं आहे. कायदा पण समजूतदार आहे, नाव न घालता नोंद होते, वर्षाच्या आत नाव घातलं तर फी नाही, नंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. 15 वर्षं म्हणजे दहावी आली की राव, तोपर्यंत ठरवेल की आत्या.

आता कुठल्या ऑफिसात जायचं ते बघू. नियम असा की जन्म जिथं झाला तिथंच नोंद, तुम्ही राहता कुठं याच्याशी त्याचा संबंध नाही. समजा सून फलटणची, माहेर तासगावचं, बाळंतपण मिरजेत, कारण मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव. तर नोंद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत. हे मी तुम्हाला एका ओळीत सांगितलं पण तुम्ही असं सरळ मिरजेला जाऊ नका, आधी फलटणला चौकशी करा, तिथनं ते म्हणतील माहेरी विचारा, मग माहेरच्या गावात ग्रामपंचायतीत जा. तिथं भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, नसतील. त्यांच्याकडं अजून दोन गावांचा चार्ज असतो आणि ते कायम त्या दोनपैकीच एका गावात असतात, तुम्ही त्या गावाला गेलात की पंचायत समितीत मिटिंगला. शिपाईमामा मात्र जागेवर असतील, त्यांच्याशी ओळख वाढवा, चहा पाजा, कारण कुठलं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे फक्त त्यांनाच माहीत असतं आणि ते रिटायर व्हायला आलेत.

ऑनलाइन होतं की सगळं, असं पुण्यातला भाचा म्हणेल. होतं, खरंय. आपले सरकार पोर्टल आहे, केंद्राचं जन्म-मृत्यू नोंदणीचं सीआरएस पोर्टल आहे, दाखल्यावर क्यूआर कोड पण येतो. तुम्ही अर्ज टाका, प्रिंट काढा आणि ती प्रिंट घेऊन ऑफिसात जा. त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढं सरकत नाही असा आमच्याकडचा अनुभव आहे. भिंतीवर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा बोर्ड असेल, कुठली सेवा किती दिवसांत, नाही मिळाली तर पहिलं अपील कुणाकडं, दुसरं कुणाकडं. तो बोर्ड वाचताना कुणी बघणार नाही याची काळजी घ्या. एकदा का तुम्ही मोठ्यानं "पहिलं अपील" म्हणालात की तुम्ही माणसातनं उठलात, मग तुमच्या फाईलला सगळे नियम लागतात, आणि एरवी कुठलाच लागत नाही.

आठवण कधी व्हायला पाहिजे याचा पण मुहूर्त ठरलेला आहे, जून महिना, शाळेची ॲडमिशन, उद्या शेवटची तारीख. त्याच्या आधी आठवलं तर दुर्लक्ष करा. पूर्वी बरं होतं, हा नाही तर तो कागद चालायचा. आता 2023 च्या दुरुस्तीनं ती पळवाट पण बंद केली, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या पोराला शाळा, आधार, लायसन, पासपोर्ट, मतदार यादी, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी, सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक दाखला. आणि नोंदच राहिली असली तर महिना उलटला की जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी, वर्ष उलटलं की पूर्वी कोर्टात जावं लागायचं, आता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेले तहसीलदार यांचा आदेश. 2025 मध्ये राज्य सरकारनं उशिराच्या नोंदीचं सगळं अजून कडक केलं, पुरावे आणा, चौकशी होऊ दे. पोरगं शेजारी उभं राहून आईस्क्रीम मागतंय, पण ते जन्मलं याची चौकशी अजून चालू आहे, त्यामुळं त्याला गप्प बसवा.

चूक दुरुस्त करायची असली तर अजून एक गंमत आहे. रजिस्टरमधली मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख टाकतात. म्हणजे चुलत्यानं लिहिलेलं बाळासो सरकारदरबारी कायम राहणार, शेजारी बाळासाहेब उभा. दाखला हातात आला की खिडकीवर वाचत बसू नका, मागचे लोक ओरडतात. सरळ लॅमिनेशनला टाका, मुलगा झालाय का मुलगी झालीय ते घरी जाऊन बघा.

हे झालं पोरांचं. खरा खेळ म्हाताऱ्यांचा असतो, तिथं जरा निवांत बसू. आमच्या माहितीतले एक आबा आहेत, विट्याकडचे, मुलानं परदेशातनं निरोप धाडला की तिकडच्या ऑफिसला वडिलांच्या जन्माचा दाखला लागतोय. आबा 1955 चे. त्या साली सांगली जिल्हा नव्हताच, 1949 ला सातारा तोडून दक्षिण सातारा केला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे आबा दक्षिण सातारा जिल्ह्यात जन्मले आणि तो जिल्हा स्क्रीनवरच्या यादीत येत नाही. तरी आबा नशीबवान, जिल्हा गेला पण गाव जागेवर आहे. जावळी-पाटणच्या ज्या गावांवर आता कोयनेचं पाणी आहे त्यांना "जन्मगावच्या ग्रामपंचायतीत अर्ज करा" म्हणल्यावर त्यांनी काय पोहत जायचं?

मग जुनं रेकॉर्ड, म्हणजे गाव नमुना 14, लोकांच्या भाषेत कोतवाल बुक. जितकं जुनं तितकी मोडी निघायची शक्यता, मग वाचणारा शोधा. शोधायला जन्माचं साल पाहिजे, साल नक्की माहीत नाही म्हणूनच तर आपण आलोय, पण हरकत नाही, जितक्या वर्षांची पानं चाळायची तितक्या वर्षांची फी भरा. आणि समजा नोंद सापडलीच, तर त्यात बापाचं नाव असतं आणि "मुलगा" एवढंच लिहिलेलं असतं, बाळाचं नाव नसतं. आबा चार भाऊ. यातला मुलगा नंबर किती ते आबांनी सांगायचं, आणि आबा त्या वेळी फारच लहान होते.

नोंद नाहीच सापडली तर निराश होऊ नका, नोंद नसल्याचा पण दाखला मिळतो, अनुपलब्धता प्रमाणपत्र, नमुना 10. परदेशी ऑफिसात बऱ्याचदा तो चालतो, सोबत नात्यातल्या वडीलधाऱ्याचं ॲफिडेव्हिट लागतं की जन्म आमच्या समोर झाला. आबा सत्तरीचे. त्यांच्या जन्माच्या वेळी हजर असणारा माणूस आता कुठनं आणायचा, ते तुमचं तुम्ही बघा.

राहिली शाळेतली तारीख, ती 1 जून. तुमच्या आजोबांची पण तीच असणार. पोरगं शाळेत आणलं की गुरुजी डाव्या कानाला उजवा हात पुरतोय का बघायचे आणि 1 जून टाकून मोकळे व्हायचे. आबांचा या तारखेवर मुळीच राग नाही, कारण पुढं आबा स्वतः झेडपीचे गुरुजी झाले आणि पंचक्रोशीतल्या अर्ध्या पोरांना त्यांनी तोच वाढदिवस दिला. आता तीच पोरं टेबलाच्या पलीकडं बसून त्यांना म्हणतात, गुरुजी, पुरावा आणा. आबा शांतपणे म्हणतात, जन्माचं बघू निवांत, आता नोव्हेंबर आलाय, आधी पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला देऊन येतो.