एक किलोवर चार किलो फ्री

गेल्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी शेजारच्या विंगमधल्या काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं, मला आणि सासूबाईंना. पाटावर बसले, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या (तीन, खोटं कशाला बोलू), वर वाटीभर कटाची आमटी प्यायले, सगळं छान झालं आणि उठायला गेले तर डाव्या गुडघ्यातून असा 'कट्ट' आवाज आला की समोरच्या बाईंनी आपली कुरडई मोडली की काय म्हणून पानात बघितलं. बरं आवाज आला तो आला, मी अर्ध्यातच अडकले. धड खाली नाही, धड वर नाही. शेवटी एकीने मागून काखेत हात घातले, दुसरीने पुढून मनगटं धरली आणि दोन्ही गौरींच्या साक्षीने मला जात्याच्या तळीसारखं उचलून उभं केलं. तेवढ्यात बाजूच्या पाटावरून सासूबाई उठल्या. वय ७९, वजन ४८ किलो. जमिनीला हात न टेकता उठल्या, कारण हात मोकळेच नव्हते, एका हातात विडा होता आणि दुसऱ्या हातात माझी पर्स. म्हणाल्या, "अगं, वजनाचं बघ जरा." एवढंच. चारचौघीत याहून जास्त त्या बोलत नाहीत, बाकीचं घरी येऊन बोलल्या.

मग उपचार सुरू झाले. गुडघा दुखतो असं नुसतं जिन्यात बोलायची खोटी, की वॉचमनपासून सगळ्यांकडे औषध असतं. निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, महानारायण तेल झालं, मोहरीच्या तेलात लसूण जाळून तेही चोळलं. त्या आठवड्यात मी हॉलमधून गेले की मुलगा किचनमध्ये जाऊन कढईत काय आहे ते बघून यायचा.

शेवटी डॉक्टर. त्यांनी एक्सरे खिडकीकडे धरला, च्यक केलं, आणि म्हणाले, गॅप कमी झालीये, आतली कुर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजायला लागलीये. आमची आई जन्मभर म्हणायची की कार्टे तुझी अक्कल गुडघ्यात आहे. म्हटलं बघा, होती तीही झिजत आली. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाले, छे छे, ते एवढ्यात नाही, आधी वजन उतरवा. काट्यावर ७४ भरले. उंची ५ फूट १ इंच, तीही केस वर बांधले असतील तर. "बारा किलो उतरवा ताई, आणि लक्षात ठेवा, एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो." हे त्यांनी इतक्या उत्साहात सांगितलं की मला वाटलं आता म्हणतील ऑफर रविवारपर्यंतच आहे.

मी बँकेत तीस वर्षं काढलीयेत, हिशोब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. रिक्षात बसल्या बसल्या केला. बारा चोक अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस! म्हणजे सासूबाई. अख्ख्या. म्हणजे ही बारा किलो चढल्यापासून, रोज, भाजी आणायला जाताना, बँकेत जाताना, बसच्या मागे धावताना मी दर पावलाला सासूबाईंना गुडघ्यावर घेऊन फिरतेय आणि त्या वरून मलाच सांगतायत की वजनाचं बघ. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आईला सांगू नकोस, तिला वाटेल तू तिचं ओझं म्हणतेयस.

आता वजन उतरवायचं तर चालायला हवं, चालायचं तर गुडघा हवा, आणि गुडघा हवा तर वजन उतरायला हवं. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. नवरा दीक्षित डॉक्टरांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवतो आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालतो, सहा किलो उतरलाय. मला म्हणाला तूही चल. दोन दिवस गेले. ४५ मिनिटांत तो साडेचार किलोमीटर चालून परत आला आणि मी ज्या बाकावर बसले होते तिथून मला घेऊन गेला.

मग मैत्रीण म्हणाली, तू सहकारनगरात राहतेस, पर्वती पायथ्याशी, आणि तू वजनाची काळजी करतेस? रोज पर्वती चढ! हे पटलं मला, कारण पर्वतीचा आणि पायाच्या दुखण्याचा जुना संबंध आहे. नानासाहेब पेशव्यांच्या आईंच्या, काशीबाईंच्या पायाला काहीतरी दुखणं होतं, पर्वतीवरच्या देवीला नवस बोलल्या आणि गुण आला, म्हणून नानासाहेबांनी तिथे १७४९ साली देऊळ बांधलं असं सांगतात. म्हटलं आपणही देवीच्याच कानावर घालू. १०३ पायऱ्या. चढताना काही झालं नाही हो, थांबत थांबत गेले, देवदेवेश्वराचं दर्शन घेतलं, देवीला सांगितलं, वर मस्त वारा सुटला होता, पुणं बघितलं, मला तर वाटलं झालं आपलं काम. खरी गंमत उतरताना. जिना उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिप्पट-साडेतीनपट भार येतो हे मला नंतर कळलं, तेव्हा फक्त एवढंच कळलं की दुसऱ्या पायरीलाच वाटीमागे कोणीतरी सुई टोचतंय. मग मी आडवी झाले, म्हणजे खेकड्यासारखी, एक पाय खाली, दुसरा त्याच्या शेजारी, मग थांबायचं, कठड्याला धरायचं, डोळे मिटायचे आणि "आई अंबे" म्हणायचं. असं दर पायरीला. पन्नासेक पायऱ्या झाल्यावर एक कॉलेजची मुलगी थांबली, चप्पल काढली, हात जोडले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, नवसाचं उतरताय का?"

मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार.

काशीबाईंच्या मुलाने देऊळ बांधलं. माझ्या मुलाने ऑनलाइन नी कॅप मागवली. आईच्या मापाबद्दल त्याचं जे काही मत आहे त्यानुसार एक्स्ट्रा लार्ज मागवली. ती घालून निघाले की सोसायटीच्या गेटपर्यंत गुडघ्यावर असते, किराणावाल्यापर्यंत पोटरीवर आणि भाजीवालीपर्यंत घोट्यावर. गुडघ्याला बाशिंग बांधलेली माणसं ऐकून होते, माझं बाशिंग घसरून पायात आलं.

जिमचं फार सांगत नाही, चारच दिवस गेले. तिथल्या पोराचं वय तेवीस, त्याला गुडघा म्हणजे शॉर्ट्स जिथे संपते ती जागा एवढंच माहीत. "मॅम, स्क्वॉट्स मारा, सगळं मोकळं होईल." मारले. मोकळं काही झालं नाही, आवाज मात्र इतका खणखणीत आला की शेजारी वजन उचलणाऱ्याने वजन खाली ठेवलं. वर्षाची फी भरली होती. त्यांनी परत दिली नाही, सिस्टीममध्ये ऑप्शन नाही म्हणे.

शेवटी गाडी रुळावर आणली ती फिजिओथेरपिस्टने. एवढीशी मुलगी, माझ्या मुलाहून लहान, पण काय दरारा! आधी तिने काय काय करायचं नाही ते सांगितलं: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवरून एकदम उठायचं नाही. म्हणजे पूजा, पंगत, मंगळागौर, सगळंच आलं त्यात. मग म्हणाली, व्यायाम पलंगावर झोपून करायचा. मी लगेच तिच्या प्रेमात. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची, आणि गुडघ्याने ती गादीत दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा, पुन्हा पाच आकडे. मी म्हटलं, अगं यात व्यायाम कुठाय? ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी मांडीचा पुढचा भाग असा ठणकत होता की कमोडवर बसताना देव आठवला. ती म्हणाली, काकू, हा मांडीचा स्नायू झोपलाय, तो जागा झाला की गुडघ्याचं निम्मं काम तो करेल. माझ्या शरीरात माझ्या नकळत कोणीतरी इतकी वर्षं पगार घेऊन झोपा काढत होतं, हे बँकेत काम केलेल्या बाईला नवीन नाही, पण तरी वाईट वाटलं.

जिन्याचा नियमही तिचाच. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, दुसरा मजला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. लग्नात माप ओलांडताना 'उजवा पाय आधी' असं सांगितलं होतं, त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत कुठला पाय आधी असा विचार करायची वेळ आली नव्हती. आता दर मजल्याला येते. पहिल्या मजल्यावर हमखास विसरते आणि कोणता दुखरा ते आठवायला एकदा दोन्ही वाकवून बघते.

सासूबाई हे सगळं दारात उभ्या राहून बघायच्या. "झोपून व्यायाम? आम्ही बसून भांडी घासली, उकिडवं बसून सारवलं, कधी टॉवेल नाही दाबला." पण मनातून त्यांना काळजी होती, कारण थंडी पडल्याबरोबर त्यांनी डिंकाचे लाडू करायला घेतले. गुडघ्यासाठी. इथे माझी खरी तक्रार आहे. आपल्याकडे गुडघ्यावरचा जो जो घरगुती इलाज आहे तो थेट काट्यावर जाऊन बसणारा आहे. डिंकाचे लाडू घ्या, मेथीचे लाडू घ्या, खारकेची पूड दुधात घ्या. गुडघ्याला कारल्याचा रस चांगला असं आजवर एकाही आजीने म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आणि ते लाडू काय सांगू. डिंकाचा खडा उकळत्या तुपात पडला की आधी तळाशी जातो, मग फुलतो, पांढरा होतो आणि लाहीसारखा तरंगत वर येतो, आणि त्या बारीक झाऱ्याने तो उचलून परातीत टाकतात तेव्हा जो चुर्र आवाज येतो ना, तो ऐकून माझा गुडघा खरंच बरा वाटायला लागतो. त्यात खोबरं, खारीक, खसखस, बदाम आणि गूळ. मी फिजिओला विचारलंही की हे तूप खरंच गुडघ्यात उतरतं का, वंगण म्हणून. ती म्हणाली, नाही काकू, ते पोटावर राहतं आणि पोट गुडघ्यावर बसतं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तिचं लग्न झालंय का? विषय संपला. एक चमचा तुपात पंचेचाळीसेक कॅलरी असतात, एक किलो चरबी उतरायला सात हजार सातशेच्या आसपास खर्च कराव्या लागतात, आणि डबा पितळेचा मोठा होता. संक्रांतीपर्यंत मी ७५ झाले. म्हणजे सासूबाई अधिक चार.

उन्हाळ्यात मग टँक लावला. पोहायला येत नाही मला, पण फिजिओ म्हणाली पोहू नका, पाण्यात चाला. पायापर्यंत आणि कोपरापर्यंत असा कॉश्च्यूम शोधला, तो घातल्यावर मी पाणबुडीसारखी दिसते असं मुलगा म्हणाला, म्हणू दे. दुपारची बायकांची बॅच. छातीएवढ्या पाण्यात उतरलं की पायावर वजन जेमतेम तिसरा हिस्सा राहतं. ७५चा तिसरा हिस्सा पंचवीस. म्हणजे मी साधारण चौथीत! गुडघा गप्प. सुई नाही, कट्ट नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत मी अशी चालायचे जशी आयुष्यात कधी चालले नाही, हात हलवत, ऐटीत, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला आठवेना की दुखरा डावा की उजवा. दुःख फक्त बाहेर यायचं. शिडी चढताना एकेका पायरीला एकेक इयत्ता वाढायची, सहावी, दहावी, बी.कॉम., आणि शेवटच्या पायरीवर धप्पकन रिटायरमेंटला आलेली बाई काठावर. वर पाण्यातून बाहेर आलं की भूक अशी लागते की विचारू नका, आणि टँकच्या फाटकाशीच वडापावची गाडी.

तरी उतरलं. वडापावसकट उतरलं. टॉवेल दाबून, पाण्यात चालून, रात्रीचा भात बंद करून या भाद्रपदापर्यंत ७०.५. चौऱ्याहत्तरातून साडेतीन किलो गेले. साडेतीन चोक चौदा. म्हणजे ४८ किलोच्या सासूबाई आता ३४ राहिल्यात. हे मात्र मी त्यांना एकदा सांगितलंच, राहवलं नाही. त्या बराच वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "म्हणून हल्ली मला अशक्तपणा वाटतो होय."

यंदा गौरी जेवायला पुन्हा त्याच काकूंकडे. त्यांनी आधीच कोपऱ्यात टेबल-खुर्ची मांडून ठेवली होती, खास माझ्यासाठी, टेबलाभोवती रांगोळीसुद्धा. सगळ्या खाली पाटावर आणि मी एकटी वर, सभापतींसारखी. सासूबाई बरोबर माझ्या खुर्चीच्या पायाशी बसलेल्या, ताठ, मांडी घालून. मी ठरवून गेले होते, पुरणपोळी एक, तीही अर्धी, आणि तूप अजिबात नाही. वाढणारी सून तुपाचं भांडं घेऊन माझ्याजवळ आली, मी पानावर हात आडवा धरला.

"हात काढायला लाव गं तिला," खालून आवाज आला. "गुडघ्याला वंगण नको का?"

आणि बोटांच्या फटीतून धार पडली.