स्वादुपिंडाची सूज सुंगटांच्या माथी मारू नका

‘गोव्यात स्वादुपिंडाला अचानक सूज येते ती मासळीच्या अ‍ॅलर्जीने. रक्ताची अ‍ॅलर्जी चाचणी करा, सुंगटं-कुर्ल्या (कोळंबी-खेकडे) सोडा, दुखणं परत येणार नाही.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या सल्ल्याने माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो.

आधी कारणाचं बोलू. या आजाराचे बहुतेक रुग्ण दोनच गोष्टींमुळे येतात: पित्ताशयातले खडे आणि दारू. त्यानंतर हजारावर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) गेलेले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेलं कॅल्शियम, काही औषधं, क्वचित गालगुंड. दूध, अंडं किंवा मासे खाऊन स्वादुपिंड सुजल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, हे खरं. स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडते तिथे सूज येऊन वाट अडत असावी, असा त्यामागचा तर्क. पण ही शंका घ्यायची ती बाकी सगळं तपासून झाल्यावर.

‘मासे जेवल्यावरच कळ आली.’ अहो, आपल्याकडे मासे रोजचेच. कोणतंही दुखणं माशांच्या जेवणानंतरच येणार! तळलेल्या, तेलकट जेवणाने पित्ताशय आकुंचन पावतं आणि आतला खडा सरकून नळीत अडकू शकतो. ताटाशेजारी उर्राकचा (काजूच्या बोंडांच्या दारूचा) ग्लास होता का, हेही डॉक्टरांना खरं सांगा.

‘अंगावर पित्त उठलं, म्हणजे अ‍ॅलर्जीच.’ तसंही नाही. बांगडा बर्फाविना उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि शिजवूनही ते जात नाही. असा बांगडा खाल्ला की तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. ही विषबाधा, अ‍ॅलर्जी नव्हे. खऱ्या अ‍ॅलर्जीत बहुधा काही मिनिटांत ते दोनेक तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो.

त्या चाचणीबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं. डझनावारी पदार्थांची आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची) तपासणी अ‍ॅलर्जीच्या निदानाला उपयोगाची नाही. ते पदार्थ आपण खातो, एवढंच त्यातून कळतं. स्वादुपिंडाच्या सुजेचं निदान तीन गोष्टींवर होतं: वरच्या पोटातली, बऱ्याचदा पाठीत जाणारी कळ, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडाचे पाचक रस) सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त वाढलेलं, आणि स्कॅनमध्ये दिसणारी सूज. तीनपैकी दोन हवीत. खड्यांसाठी साधी सोनोग्राफी लागते.

मासळी सोडली आणि खडे तसेच राहिले, तर पुढचा झटका कधीही येऊ शकतो, आणि तो पहिल्याइतका सौम्य असेलच असं नाही. म्हणूनच खड्यांमुळे आलेला झटका सौम्य असेल, तर रुग्ण घरी जाण्याआधीच पित्ताशय काढावं, अशी शिफारस आहे.