बंब सोमेश्वरीच राहू द्या

वस्तीच्या वणवा प्रतिबंध आराखड्याचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना? घाबरू नका. वणवा आला तर येतो. आढावा सभा मात्र दर महिन्याला येतेच. आराखडा कुणासाठी करायचा, ते इथेच ठरलं.

आग जंगलातून येते, म्हणून निधीही जंगलाकडेच वळवा. वस्तीपासून लांब, ऐसपैस जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-झाडी काढलेला पट्टा, काढा. ड्रोनच्या फोटोत ती फार शोभते. सभेत कुणीतरी किडा काढेलच, की बहुतेक घरं ज्वाळांनी नाही, वाऱ्यावर आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात आणि निखारे जाळरेषा ओलांडून एक-दोन किलोमीटर सहज उडत येतात. त्याला म्हणावं, निखारे आमच्या विभागात येत नाहीत.

तो फारच अभ्यासू निघाला तर जॅक कोहेन या अमेरिकी संशोधकाचं नाव घेईल. १९९०च्या दशकात कॅनडात लाकडी भिंती उभ्या करून शेजारचं जंगलच पेटवून पाहिलं होतं. १० मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला, २० मीटरवर फार तर होरपळ दिसली, ३० मीटरवर काहीच नाही. म्हणजे घर जगणार की जाणार, हे घर आणि त्याच्याभोवतीचे ३० मीटर ठरवतात. हा कागद फाइलीच्या तळाशी सरकवा. ते ३० मीटर मतदारांचे आहेत. जंगल मतदानाला येत नाही.

त्यातही भिंतीला लागून असलेल्या पहिल्या दीड मीटरकडे चुकूनही पाहू नका. तिथे काय असतं? दारातलं काथ्याचं पायपुसणं, खिडकीखालचं शोभेचं झुडूप, मुळाशी पसरलेला लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवून रचलेलं सरपण आणि थेट घराला भिडलेलं लाकडी कुंपण, म्हणजे वातच. वारा पाचोळा ज्या कोपऱ्यात आणून टाकतो, निखाराही त्याच कोपऱ्यात आणून टाकतो. दोघांची गाठ पडायला वेळ लागत नाही. उपाय इतका साधा आहे की लाज वाटावी: या पट्ट्यात खडी किंवा फरशी, कुंपणाचा घराकडचा दीड मीटर धातूचा, पन्हळीतला पाचोळा काढलेला आणि पोटमाळ्याच्या झरोक्यांना ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी. प्लॅस्टिकची वितळते आणि निखारा आत जाऊन माळ्यावर सवडीने संसार थाटतो. बाहेर सगळं विझल्यावर काही तासांनी घर आतून पेटतं. पण पन्हळ साफ करण्याची निविदा कशी काढणार? फीत कुठे बांधणार? त्यापेक्षा माहितीपत्रक छापा. मुखपृष्ठावर टुमदार घर, लाकडी कुंपण, भिंतीवर चढलेली वेल.

झाडांचं काम मात्र जरूर काढा. खालच्या फांद्या जमिनीपासून दोनेक मीटरपर्यंत छाटायच्या आणि झाडाखालची झुडपं काढायची, म्हणजे आगीला शेंड्यावर चढायला शिडी राहत नाही, हे ठेकेदारालाही ठाऊक असतं. तुम्ही एवढंच बघा, की मोजमाप छाटलेल्या क्षेत्राचं व्हावं, उचललेल्या काडीकचऱ्याचं नको. मग छाटलेलं सगळं तिथेच ढिगाने वाळत पडेल आणि बिल वेळेत निघेल. गवतकापणी भर दुपारी लावा. पातं दगडावर घासून ठिणगी पडायला हवा कोरडी लागते. सकाळच्या दवात ते जमत नाही.

बांधकाम परवानग्या उतारावर सढळ हाताने द्या. उतार १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, पण देखावाही तितकाच वाढतो. रस्ता एकच असू द्या. अमेरिकेतल्या नमुना अग्निसंहितेत ३०पेक्षा जास्त घरांना सहसा दोन वाटा मागितल्या आहेत आणि ४५ मीटरहून लांब बंद रस्त्याच्या टोकाला बंब वळवायला जागा. अशी जागा मोकळी सोडणं म्हणजे चांगला प्लॉट वाया घालवणं. ग्रीसमधल्या माटीत २०१८ साली माणसं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर अडकली, कारण गल्ल्या पाण्यापर्यंत पोहोचतच नव्हत्या. १०४ जण गेले. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइझचा आराखडा तर पाठ करण्यासारखा. गावाचे विभाग पाडलेले, एकेकाने क्रमाने निघायचं ठरलेलं. २०१८च्या नोव्हेंबरात सगळ्यांना एकदमच निघावं लागलं. मुख्य रस्त्याचा बाजारातला भाग आधीच सुशोभीकरणात अरुंद केला होता. त्या आगीत ८५ मृत्यू झाले.

भोंगे बसवा, वाजवू नका. हवाई बेटांवरच्या लहायनात २०२३ सालच्या आगीत ते जागेवर होते; लोक त्सुनामी समजून डोंगराकडे पळतील, या भीतीने वाजवले नाहीत, असं नंतर सांगण्यात आलं. कोणता आवाज म्हणजे काय, हे आधी शिकवायचं तर सराव घ्यावा लागतो आणि सरावाने लोकांची झोपमोड होते.

पाण्याचा हिशेब एकच घर पेटणार असं धरून करा, मिनिटाला ३,८०० लिटर वगैरे. शंभर घरं पेटली की जळालेल्या प्रत्येक घराचा फुटलेला नळ आपापलं पाणी सोडत बसतो, दाब खाली येतो आणि वीज तोडली की उंचावरच्या टाकीत पाणी चढवणारे पंपही थांबतात. पंपांना जनरेटर हवेत, ही सूचना 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवा. टाकीची दुरुस्ती कोरड्या मोसमातच काढा. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात आग लागली तेव्हा तिथला मोठा जलाशय असाच रिकामा होता.

उद्घाटन पाऊस संपल्या संपल्या उरका. जाळरेषा तेव्हा नुकतीच खरवडलेली असते, आजूबाजूला हिरवंगार, पाहुण्यांच्या बुटांना जरा चिखल लागतो इतकंच. देखभालीच्या रकान्यात आडवी रेघ मारा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जाळरेषेवर कमरेएवढं गवत वाळलेलं असेल. तोवर तुमची बदली झालेली असावी, एवढं तेवढं बघा.