'माती मळण्यात चार वर्षं': एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय 'एक माजी विद्यार्थी',

नाव लिहायचं नव्हतं, हरकत नाही. शिल्पकलेच्या पदवीबद्दलच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री पावणेबाराला तुम्ही जे लिहिलंत ते इथे पुन्हा देते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल: "ताई, जरा वास्तवात या. चार वर्षं माती मळण्यात घालवायची, आणि तेच आज पोरं लॅपटॉपवर दोन महिन्यांत करतात. फी, होस्टेल, मटेरियलचा खर्च, पुढे नोकरी कुठे, यावर एक ओळ नाही. आणि मंदिरपथगामिनी संगमरवरी नाही, प्लास्टरची आहे. अशा लेखांमुळे गरीब घरची मुलं फसतात."

आधी प्लास्टर. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं, लेखात दुरुस्ती केली आहे. गणपतराव म्हात्र्यांनी ते शिल्प १८९६ मध्ये केलं, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, वयाच्या विशीत. म्हणजे ज्या वयाच्या मुलांबद्दल मी लिहिलं त्याच वयाच्या एका विद्यार्थ्याचं ते काम आहे. चूक पकडताना ही गोष्ट तुमच्या नजरेतून कशी निसटली, कोण जाणे.

आता 'ताई'. मी नाशिकची, सिडकोत वाढलेली. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे मला ताई म्हणतात आणि मला ते आवडतं. पण 'ताई'च्या मागोमाग 'जरा' आला की काय येणार ते बाईमाणसाला कळतं. याच विषयावर लिहिणाऱ्या एखाद्या पुरुषाला तुम्ही 'दादा, जरा वास्तवात या' असं लिहिलं असतंत का? मैत्रीण म्हणाली, सोडून दे. दोन दिवस सोडूनच दिलं होतं. मग तुमची दुसरी कमेंट आली, "उत्तर नाही ना?" आहे. घ्या.

'माती मळणं' हे तुम्ही कणीक मळल्यासारखं लिहिलंत. माजी विद्यार्थी म्हणवता, तर कशाचे, तेही सांगायचं होतं. ज्याने एकदा तरी मातीत माणसाचं डोकं केलंय तो असं लिहिणार नाही.

माझं पहिलं पोर्ट्रेट एसटीतून रिटायर झालेल्या एका बाबांचं होतं. आठवडाभर रोज दोन तास ते स्टुलावर बसायचे. पाट, उभा पाइप, वर सळी वाकवून केलेला फुगा, एवढं आर्मेचर, म्हणजे मातीच्या आतला सांगाडा, मी केलं आणि माती लावायला घेतली. लाकडाच्या दोन पट्ट्यांची फुली बांधून तारेने आत टांगायची असते, तिला आम्ही बटरफ्लाय म्हणतो. ती मातीला आतून धरून ठेवते. मी ती बांधलीच नाही. घाई होती, नाक करायचं होतं. शनिवारी नाक झालं, डोळ्यांखालच्या पिशव्यासुद्धा झाल्या. ओलं फडकं गुंडाळलं, वर प्लास्टिक बांधलं आणि घरी गेले. सोमवारी वर्गात शिरले तर बाबांचा चेहरा हनुवटीसकट घसरून पाटावर बसलेला, आणि वर उघडा पाइप. सर आले, बघितलं, आणि एवढंच विचारलं, "आत काय होतं?"

तेच डोकं पुन्हा केलं. मग वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडून टाकायचा साचा. पहिला थर नीळ घातलेल्या प्लास्टरचा देतात, त्यावर पांढरा जाड थर. आतली माती काढून, साबण लावून, पोकळीत प्लास्टर भरायचं आणि मग बोथट छिन्नीने बाहेरून फोडत यायचं. निळं दिसलं की हात आवरायचा, कारण निळ्याच्या खाली तुमचं काम आहे. माझा निळा थर डाव्या कानावर पोचलाच नव्हता. छिन्नी सरळ कानात गेली. बाबांना दाखवायला लाज वाटत होती. त्यांनी बघितलं, आधी स्वतःचा कान चाचपला, आणि मग हसले.

हे दोन महिन्यांत होत नाही असं मी म्हणत नाही. दोन महिन्यांत एकदा होतं. मला तिसऱ्या वर्षापर्यंत लागलं, तेव्हा कुठे माती लावायच्या आधी सळी दिसायला लागली.

यंत्राला माझा विरोध आहे, हे तुम्ही कुठून काढलंत? मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की मोठ्या कामाचं थर्माकोल मी सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, कापून घेते आणि वरून माती लावते. परिच्छेद वाचायला एक मिनिटही लागत नाही. मागच्या महिन्यात एक मुलगा आठ इंचांची थ्रीडी प्रिंट घेऊन आला होता. योद्धा, एक पाय उचललेला. झीब्रशमध्ये, म्हणजे पडद्यावर शिल्प घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे, हे मोकळेपणाने सांगते. त्याला तो आठ फुटी करायचा होता. म्हणजे बारापट. मी म्हटलं, कागद घे. उंची बारापट झाली की वजन होतं १,७२८ पट आणि घोट्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ वाढतं फक्त १४४ पट. प्रिंटमध्ये जो घोटा मजेत उभा आहे, त्यावर बारापट ताण येणार. आत काय घालणार? तो गप्प. पडद्यावर वजन नसतं, त्यामुळे हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

२६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावर महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. चौकशी समितीने कारणं दिली त्यात गंज होता, वेल्डिंग होतं आणि कमकुवत सांगाडा होता. दोष कोणाचा, त्यात मी पडत नाही. पण टीव्हीवर ते पाय तेवढे उभे दिसले तेव्हा मला तो सोमवार आठवला.

आणि 'वास्तव' म्हणाल तर ते इथे पांडवलेण्यावर आहे. रिक्षा करून जा. तिसऱ्या लेण्याच्या पुढ्यात जोत्याच्या तुळया खांद्यावर घेतलेले गण आहेत, अर्धे जमिनीत गेलेले. तो डोंगर अखंड कातळ आहे, तिथे कोणी काहीच पेलत नाही, तुळया नुसत्या दाखवायच्या. तरी करणाऱ्याने प्रत्येकाच्या खांद्यावर वजन ठेवलं. कॉलेजात असताना मी स्केचबुक घेऊन तिथे जायची आणि जत्रेला आलेली पोरं विचारायची, "ओ, हे भीम का?" (मी हो म्हणायची. वाद कोण घालणार.)

'राम सुतारांसारखी अपवादाची उदाहरणं देऊ नका' असंही तुम्ही दुसऱ्या कमेंटमध्ये बजावलंत. ठीक, त्यांच्या पुतळ्यांचं उदाहरण देत नाही. पण धुळ्याजवळच्या गोंदूरचा हा माणूस जे.जे.तून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्यावर पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या जुन्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम करत होता. शिक्षणानंतरही काही वर्षं दुसऱ्यांनी केलेली बोटं आणि नाकं जुळवत बसणं, यालाही तुम्ही मातीच मळणं म्हणाल.

राहिला गरिबीचा मुद्दा. वडील अंबडला कंपनीत होते, ती बंद पडली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. तीन पावसाळे मी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी केली, मूर्तीमागे पैसे. रात्री दोनला ब्रश धरून बोटं वळायची नाहीत आणि सकाळी आठला वर्गात हजर. एका सार्वजनिक पुतळ्याचा शेवटचा हप्ता मिळवायला मला दोन वर्षं एका कार्यालयाचे जिने चढावे लागले. तेव्हा गरीब घरची मुलं म्हणजे काय हे मला तरी शिकवू नका. मी फसले नाही. मला कुणी फसवलं असेल तर ते त्या कार्यालयाने, लेखाने नव्हे.

फी, होस्टेल, नोकरी यावर लिहिलं नाही, कबूल. तो लेख त्याबद्दल नव्हताच. काय शिकतात याबद्दल होता, कितीला पडतं याबद्दल नव्हता. त्यावर वेगळा लेख लिहीन, पण आता लगेच नाही. गणपती तोंडावर आलेत, शेडमध्ये दोनशेच्या वर मूर्ती आखणीच्या बाकी आहेत, आणि आखणीला माणूस मिळत नाही म्हणून यंदाही मीच बसलेय.